अमेरिकेतील मोठ्या ट्रक कंपनीत नवा चालक: पहिल्या वर्षाबद्दल मार्गदर्शन हवे आहे

नवा चालक (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. क्लास ए सीडीएल (ट्रेलर जोडलेले अवजड ट्रक चालवण्याचा व्यावसायिक) परवाना नुकताच हाती आला असून लवकरच एखाद्या मोठ्या ट्रक कंपनीत रुजू व्हावे, असा विचार पक्का होत आला आहे. आतापर्यंत गोदामात फोर्कलिफ्ट चालवत होतो, त्यामुळे माल चढवणे-उतरवणे परिचयाचे आहे. पण ५३ फुटी ट्रेलर मागे जोडून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याचा अनुभव अजिबात नाही. मी अमेरिकेचा कायम निवासी आहे. घरी पत्नी आणि शाळेत जाणारी मुलगी आहे.

भरती करणारी मंडळी फोनवर फार गोड बोलतात आणि त्यांना नेमके काय विचारावे हेच मला सुचत नाही, ही खरी अडचण आहे. मोठ्या कंपनीतच सुरुवात करावी की एखादी लहान कंपनी शोधावी? प्रशिक्षणाच्या काळात काय पदरात पाडून घ्यावे? करारात काय पाहावे? ज्यांनी हे वर्ष काढले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

लांब पल्ला

अभिनंदन, आणि प्रश्न रुजू होण्याआधी विचारलात हे उत्तम केलेत.

मोठी की लहान, हा प्रश्न बव्हंशी विमा कंपनीच आपल्यासाठी सोडवून टाकते. राज्याबाहेर भाड्याने साधा माल वाहणाऱ्या अवजड गाड्यांसाठी किमान साडेसात लाख डॉलरचा दायित्व विमा केंद्रीय नियमांनुसार सक्तीचा आहे आणि विमा देणारे चालकाचा अनुभव पाहूनच हप्ता ठरवतात. पाच-दहा ट्रक असलेला मालक म्हणूनच एक-दोन वर्षांच्या अनुभवाची अट घालतो. त्याला नवा माणूस परवडतच नाही. श्नायडर, वर्नर, प्राइम यांसारख्या हजारो ट्रक बाळगणाऱ्या कंपन्या जोखमीचा बराचसा भाग स्वतः उचलतात, त्यांची स्वतःची प्रशिक्षण व्यवस्था असते, त्यामुळे नव्या माणसाला दार तिथेच उघडे असते. तेव्हा पहिले वर्ष मोठ्या कंपनीत काढणे हे बहुतेकांच्या बाबतीत गृहीतच धरावे आणि त्या वर्षातून काय मिळवायचे याकडे लक्ष द्यावे.

७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या चालकांना नोंदणीकृत संस्थेत प्रशिक्षण घेणे बंधनकारक झाले आहे. पण प्रत्यक्ष चाकामागे किमान किती तास बसले पाहिजे, याची अट त्या नियमात नाही. प्रशिक्षकाला आपण सक्षम वाटलो की झाले. परिणामी शाळेतून बाहेर पडणाऱ्या माणसाला परीक्षेच्या मैदानातले ठरावीक रिव्हर्स येते, परंतु रात्री अकरा वाजता खचाखच भरलेल्या ट्रक थांब्यावर उरलेल्या एकाच जागेत ट्रेलर कसा घालायचा, हे त्याने पाहिलेलेही नसते. कंपनीचे प्रशिक्षण महत्त्वाचे ठरते ते इथे.

भरती अधिकाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: मी चालवत असताना प्रशिक्षक शेजारच्या आसनावर जागा असेल, की मागे झोपलेला असेल? काही कंपन्यांत पहिले काही दिवस संपले की शिकाऊ चालक आणि प्रशिक्षक यांना जोडीने चालवायला लावतात; एक झोपतो, दुसरा चालवतो आणि ट्रक जवळजवळ चोवीस तास धावतो. मैल भरपूर होतात, पण ते बहुतेक सरळ महामार्गावरचे असतात आणि अवघड प्रसंगी शेजारी कोणी नसते. निदान सुरुवातीच्या टप्प्यात प्रशिक्षक जागाच असेल, असे लेखी सांगणारी कंपनी मिळाली तर ती निवडावी, भले पहिल्या महिन्यांतला पगार थोडा कमी असो. प्रशिक्षकाचा स्वतःचा अनुभव किती, हेही विचारायला संकोच करू नये. वर्षभरापूर्वी स्वतः शिकाऊ असलेला माणूस आज प्रशिक्षक झालेला असतो, असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

करारात दोन कलमे शोधा. शाळेची किंवा प्रशिक्षणाची फी कंपनीने भरली असेल तर ती किती महिन्यांत फिटते आणि दरमहा प्रमाणात कमी होते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच उभी राहते? आणि कंपनीनेच आपल्याला काढले, तरी ती वसूल होणार का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी मिळाल्यास ते ईमेलवर मागून घ्या.

नवा चालक

आभारी आहे. प्रशिक्षक जागा असेल का, हा प्रश्न मला कधीच सुचला नसता. एक शंका आहे. सगळीकडे 'मैलामागे इतके सेंट' असा दर सांगतात. गोदामात तासावर पगार मिळत असे, त्यामुळे या हिशेबाचा अंदाजच येत नाही.

वजनकाटा

मैलाचा दर हा हिशेबाचा फक्त एक आकडा आहे आणि भरती अधिकारी तेवढाच ठळकपणे सांगतात. आठवड्याला सरासरी किती मैल मिळतात, हे त्याहून महत्त्वाचे. दर जास्त आणि मैल कमी, अशी जाहिरात नव्या माणसाला हमखास फसवते. शिवाय मैल कोणते मोजतात, हे विचारावे. काही कंपन्या ट्रक प्रत्यक्ष ज्या रस्त्याने जातो त्याचे अंतर धरतात, तर काही घरसामान वाहतुकीच्या जुन्या कोष्टकावरून शहर ते शहर अंतर काढतात. ते प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. रिकामा ट्रेलर घेऊन जाण्याचे मैल भरलेल्याच दराने मिळतात का, हेही पाहावे.

सगळ्यात दुखरी जागा म्हणजे थांबणे. गोदामात माल उतरायला पाच तास लागले तर त्या वेळात चाके फिरत नाहीत आणि पैसेही मिळत नाहीत. बहुतेक ठिकाणी पहिले दोन तास बिनपैशांचे धरून त्यापुढे ताशी काही रक्कम देतात, पण ती मिळवण्यासाठी आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ कागदावर लिहून घ्यावी लागते. आपल्याला गोदामाची सवय आहे, तर एक सांगतो: फाटकावरच्या माणसाकडून पावतीवर वेळ लिहून घेण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. १९३८ च्या वेतन कायद्यातील अपवादामुळे आंतरराज्य ट्रकचालकाला जादा कामाचा दीडपट मोबदला सामान्यतः लागू होत नाही, त्यामुळे हा हिशेब आपणच ठेवायचा असतो.

नव्या चालकासाठी किमान साप्ताहिक वेतनाची हमी असेल तर तिच्या अटी वाचा. 'आठवडाभर उपलब्ध असल्यास' ही अट त्यात बहुधा असते, आणि एक दिवस घरी थांबलात तरी हमी जाते.

सुरक्षा विभाग

मी एका वाहतूक कंपनीच्या सुरक्षा विभागात काम करतो आणि नव्या चालकांच्या फाइली रोज पाहतो. मला कळकळीने सांगावेसे वाटते की पहिल्या वर्षात कमवायची गोष्ट म्हणजे स्वच्छ नोंद. पगार दुसऱ्या वर्षी वाढतो, आणि तो नोंद पाहूनच वाढतो.

आपल्याबद्दलची माहिती तीन ठिकाणी साठते. केंद्राच्या पीएसपी अहवालात मागील पाच वर्षांतले अपघात आणि तीन वर्षांतल्या रस्त्यावरच्या तपासण्या दिसतात. डॅक नावाने ओळखला जाणारा खासगी अहवाल आधीच्या मालकांनी दिलेल्या माहितीवर बनतो. ट्रक वाटेत सोडून निघून गेल्याची नोंद त्यात आली तर चांगल्या कंपन्यांची दारे दीर्घकाळ बंद होतात. म्हणून कितीही वाद झाला तरी ट्रक कंपनीच्या तळावर परत करावा, किल्ली दिल्याची पावती घ्यावी आणि मगच राजीनामा द्यावा. हा अहवाल आपण स्वतः मागवून पाहू शकता आणि चुकीच्या नोंदीला लेखी आव्हान देऊ शकता. तो आपला कायदेशीर हक्क आहे.

तिसरी जागा म्हणजे ६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेली अमली पदार्थ व मद्य चाचण्यांची केंद्रीय नोंदवही, जिला सगळे क्लिअरिंगहाऊस म्हणतात. नोकरीपूर्वीची चाचणी तर होतेच, पुढेही अचानक बोलावणे येते आणि ते टाळणे म्हणजे नापास होण्यासारखेच धरले जाते. आपल्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी ट्रकचालकाला केंद्राचा नियम लागू होतो. सीबीडीचे (गांजाच्याच वनस्पतीतून काढलेल्या द्रव्याचे) तेल किंवा गोळ्या दुकानात उघड मिळतात, पण त्यातला अंश चाचणीत उतरला तर 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर चालत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून अशा चालकाचा व्यावसायिक परवानाच राज्याने खाली उतरवायचा असतो.

वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षांचे मिळते. रक्तदाब १४०/९० च्या खाली नसेल तर मुदत कमी होते. आपण चाळिशीच्या आसपास असाल तर तपासणीच्या बरेच आधी स्वतःच्या डॉक्टरांकडे जाऊन या. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनाही आता योग्य कागदपत्रांसह प्रमाणपत्र मिळू शकते, तेव्हा आजार लपवण्याचे कारण नाही. लपवलेला आजार नंतर उघड झाला तर नोकरी आणि प्रमाणपत्र दोन्ही जाते.

आता फाइलींत मला काय दिसते ते सांगतो. नव्या चालकांचे बहुसंख्य अपघात महामार्गावर होत नाहीत. ते ट्रक थांब्यावर, गोदामाच्या आवारात, चालण्याच्या वेगाने होतात: शेजारच्या ट्रकचे बॉनेट, आरसा, खांब, छपराची कड. जखम कोणालाच होत नाही, नुकसान मात्र आपल्या नावावर 'टाळता येण्याजोगे' म्हणून चढते, आणि असे दोन-तीन प्रसंग वर्षाच्या आत जमले की मोठी कंपनी विचार न करता निरोप देते.

लांब पल्ला

वरच्या प्रतिसादाला जोडूनच लिहितो, कारण रिव्हर्स हा विषय शाळेत सर्वांत कमी आणि रोजच्या कामात सर्वांत जास्त लागतो.

डॉककडे (माल चढवण्या-उतरवण्याच्या फलाटाकडे) पाठ करून ट्रेलर मागे घेताना ट्रेलरचा मागचा भाग स्टिअरिंगच्या उलट दिशेला वळतो, एवढे सर्वांना पाठ असते. अडचण येते ती वेळेची. स्टिअरिंग फिरवल्यावर ट्रेलर लगेच काही करत नाही. ट्रॅक्टर (म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा भाग) काही फूट सरकल्यावर तो वळू लागतो, आणि वळू लागला की भराभर वळतो. नवा माणूस पहिल्या दोन सेकंदांत काही होत नाही असे पाहून आणखी फिरवतो, मग आरशात ट्रेलरची बाजू अचानक मोठी दिसू लागते आणि दुसऱ्या आरशातून तो पूर्णपणे नाहीसा होतो. उपाय असा की थोडे फिरवा, थांबू द्या, पाहा, आणि ट्रेलर हवा तेवढा वळण्याच्या आधीच स्टिअरिंग उलट घेऊन ट्रॅक्टर त्याच्या मागे आणायला सुरुवात करा. बिघडले असे वाटताच पुढे जाऊन ट्रेलर सरळ करावा. पुढे जाण्याची लाज बाळगू नये. जुने चालकही दोन-तीनदा पुढे जातात.

आणि खाली उतरा. मागे घेण्यापूर्वी एकदा, अर्ध्यात एकदा, शंका आली की पुन्हा. हँडब्रेक लावून, उतरून, ट्रेलरच्या उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन, वरच्या छपराची उंचीही पाहून परत यावे. मागचा ट्रक भोंगा वाजवत असेल, तर वाजवू द्यावा. त्या नुकसानीची नोंद त्याच्या फाइलीत होणार नसते. शक्य असेल तेव्हा चालकाच्या बाजूने मागे घेता येईल अशी जागा निवडावी. उजव्या बाजूने घेताना अर्धा ट्रेलर दिसतच नाही.

जोडणीबद्दलही थोडे. ट्रेलर जोडल्यावर 'खट्' असा आवाज आला म्हणजे किंगपिन (ट्रेलरच्या तळाचा जोडणीचा खुंटा) पकडला गेला, असे समजू नये. आधी ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून हळूच पुढे ओढून पाहावे. मग टॉर्च घेऊन खाली वाकावे: फिफ्थ व्हीलची (ट्रॅक्टरवरच्या, ट्रेलर टेकतो त्या जोडणीची) तबकडी आणि ट्रेलरचा तळ यांत फट दिसता कामा नये, आणि जबडे किंगपिनच्या मानेभोवती मिटलेले दिसले पाहिजेत. ट्रेलर उंच उभा असेल तर किंगपिन जबड्यांच्या वरून सरकून पुढे जातो, ओढून पाहिले तरी क्षणभर घट्ट वाटतो, आणि पहिल्या वळणावर ट्रेलर खाली येतो. पावसात, चिखलात वाकायला कंटाळा येतो हे खरे, पण या तपासणीला पर्याय नाही.

रोजच्या निघण्याआधीच्या तपासणीत हवेच्या ब्रेकची चाचणी कोणी घाईत उरकू नये. इंजिन बंद ठेवून ब्रेक दाबून धरला असता जोडगाडीचा (ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून) हवेचा दाब एका मिनिटात चार पीएसआयपेक्षा (पीएसआय हे दाबाचे एकक) जास्त पडता कामा नये. पुढच्या टायरची नक्षी एक इंचाच्या बत्तिसाव्या भागांत मोजली तर किमान चार भाग, बाकीच्यांची दोन. रस्त्यावरचे तपासणी अधिकारी हेच पाहतात.

मोजकी चाके

सर्वांशी आदराने असहमती नोंदवतो. मोठी कंपनी हाच एकमेव मार्ग आहे असे चित्र उभे राहू नये. मी एका लहान, स्थानिक मालकाकडे सुरुवात केली. विम्याची अडचण होती, पण त्या मालकाने आधी काही महिने आवारात ट्रेलर हलवण्याचे काम दिले आणि मग रस्त्यावर सोडले. आवारात दिवसभर रिव्हर्सच घ्यावे लागते, त्यामुळे जो सराव महामार्गावर महिनोन्‌महिने मिळत नाही तो तिथे मिळाला. गोदामात ओळखी असतील तर असे काम मागून पाहावे.

मोठ्या कंपनीत चालक हा संगणकावरचा क्रमांक असतो, हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. डिस्पॅचरच्या (चालकांना फेऱ्या नेमून देणाऱ्याच्या) पडद्यावर एकाच वेळी अनेक चालक असतात आणि त्याला दिसतो तो फक्त उशीर.

लांब पल्ला

आवारातल्या कामाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मिळत असेल तर धागाकर्त्यांनी जरूर विचार करावा. तथापि मोठ्या कंपनीत एक गोष्ट मिळते जी लहान मालकाकडे सहसा मिळत नाही: आज ट्रकमध्ये बिघाड निघाला तर तो दुरुस्त होईपर्यंत उभा ठेवण्याची ऐपत. एकाच ट्रकवर ज्याचा हप्ता फिटतो त्या मालकाला 'ट्रक नेता येणार नाही' असे सांगणे नव्या माणसाला फार जड जाते.

उतारावरचा गिअर

'नेता येणार नाही' हे शब्द निघालेच आहेत तर डोंगर आणि हिवाळा यांबद्दल लिहितो, कारण हे शब्द उच्चारण्याची वेळ तिथेच येते.

भरलेली जोडगाडी कायदेशीर मर्यादेत ८०,००० पौंडांपर्यंत जाते. चालक परवान्याच्या पुस्तिकेनुसार ताशी ५५ मैल वेगाने, कोरड्या रस्त्यावर, धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत किमान ४१९ फूट लागतात. हे गणित सपाटीचे. ऑरेगनमधला आय-८४ महामार्गावरचा कॅबेज हिल, कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्यानंतरचा आय-७० चा उतार, इथे वेग उताराच्या माथ्यावरच ठरवावा लागतो. इंजिन ब्रेक आणि खालचा गिअर यांच्यावर ट्रक सोडावा आणि पायाचा ब्रेक फक्त पूरक म्हणून वापरावा. समजा सुरक्षित वेग ताशी ४० मैल ठरवला, तर काटा ४० वर येताच ब्रेक ठामपणे दाबून सुमारे तीन सेकंदांत ३५ वर आणावा आणि सोडून द्यावा. पुन्हा ४० झाला की पुन्हा तसेच. सतत हलका ब्रेक दाबून ठेवणाऱ्याचे ड्रम तापतात, फुगतात आणि ब्रेकची पकड ढिली होत जाते, आणि जळका वास येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. स्वयंचलित गिअरपेटीचे ट्रक आता मोठ्या कंपन्यांत सर्रास असल्यामुळे गिअर उतारावर कसा धरून ठेवायचा, हे प्रशिक्षकाकडून मुद्दाम शिकून घ्यावे. (परीक्षाही स्वयंचलित ट्रकवर दिली असेल तर परवान्यावर तशी मर्यादा पडते आणि हाताच्या गिअरचा व्यावसायिक ट्रक चालवता येत नाही, हे ध्यानात असू द्यावे.)

कोलोरॅडोत आय-७० वर डॉटसेरो ते मॉरिसन या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात व्यावसायिक गाडीत (बर्फात टायरवर चढवायच्या) साखळ्या असणे सक्तीचे आहे. पहिल्यांदा साखळी चढवायची वेळ बर्फात, अंधारात, रस्त्याच्या कडेला येऊ नये. ऑक्टोबरात कंपनीच्या आवारातच, कोरड्या जमिनीवर, हातमोजे घालून एकदा साखळी चढवून आणि उतरवून पाहा. वायोमिंगमध्ये आय-८० वर बर्फापेक्षाही वारा वाईट. रिकामा ट्रेलर आडवा होतो. हलक्या गाड्यांना बंदी जाहीर झाली की आपले वजन पाहून थांबावे.

थांबण्याचा निर्णय चालकाचा असतो आणि कायदा त्याच्या बाजूने आहे. १९८२ च्या कायद्याने असुरक्षित परिस्थितीत चालवण्यास नकार देणाऱ्या चालकाला संरक्षण दिले आहे. त्यावरून कामावरून काढले तर १८० दिवसांच्या आत ओशाकडे (कामगार सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेकडे) तक्रार करता येते. एका डिस्पॅचरने मला बर्फवृष्टीत 'बाकीचे सगळे चालले आहेत' असा निरोप पाठवला होता. मी ट्रकच्या यंत्रावरच लेखी उत्तर दिले: रस्त्यावर बर्फ साचला आहे, सुरक्षितपणे पुढे जाता येत नाही, अमुक थांब्यावर उभा आहे, परिस्थिती सुधारताच निघेन. फोनवर वाद घातला नाही. पुढे त्या विषयावर कोणी प्रश्न विचारला नाही, कारण उत्तर कागदावर होते. नकार देताना कारण, ठिकाण आणि पुढे कधी निघणार, ही तीन वाक्ये लेखी असावीत.

घरची बाजू

माझे यजमान बरीच वर्षे लांब पल्ल्याचे ट्रक चालवतात, म्हणून धागाकर्त्यांच्या पत्नीच्या वतीने लिहिते.

'दर आठवड्याला एक दिवस घरी' असे भरतीच्या वेळी सांगतात, परंतु तो दिवस साठून साठून मिळतो, म्हणजे तीन-चार आठवडे बाहेर आणि मग तीन-चार दिवस घरी. आपल्या गावाजवळून कंपनीचा माल जातो का, हे विचारा. जात नसेल तर घरी पोहोचवणारा लोड मिळेपर्यंत तारीख पुढे ढकलली जाते. मुलीचा वाढदिवस, पालकसभा यांच्या तारखा आधी लेखी कळवाव्यात आणि तरीही मुलीला नक्की शब्द देऊ नये. न पाळलेला शब्द मुलांच्या फार लक्षात राहतो. आमच्याकडे ठरलेली वेळ फोनची असते. गाडी उभी करून, रात्रीची विश्रांती सुरू झाल्यावरच ते फोन करतात. चालवताना केलेला फोन मी घेत नाही. सुरुवातीला दोघांनाही हे जड गेले, पण त्यामुळे मला घोर राहत नाही.

पहिल्या महिन्यांत पगार कमी-जास्त येतो. घरखर्चाचे तीन महिन्यांचे पैसे बाजूला ठेवूनच त्यांना निघू द्यावे, असे मी त्या ताईंना सांगेन.

नवा चालक

सर्वांचे मनापासून आभार. पत्नीलाही हा धागा वाचून दाखवला. दोन गोष्टी विचारतो. एका कंपनीने पहिल्या सहा महिन्यांनंतर 'स्वतःचा ट्रक' अशी योजना सांगितली आहे: दर आठवड्याला पगारातून हप्ता कापून काही वर्षांत ट्रक आपल्या नावावर. आणि दुसरे, १४ तासांचे घड्याळ थांबत नाही म्हणतात, ते नेमके कसे?

सुरक्षा विभाग

योजनेबद्दल स्पष्ट लिहितो: पहिल्या दोन वर्षांत तिकडे वळू नका. हप्ता, इंधन, विमा, दुरुस्ती हे सगळे आपल्या माथी येते, माल कोणता द्यायचा हे मात्र कंपनीच ठरवते. मैल कमी मिळालेल्या आठवड्यातही हप्ता तेवढाच कापला जातो, आणि मध्येच सोडले तर भरलेले पैसे बहुधा परत येत नाहीत. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानुसार नेमलेल्या कार्यगटाने २०२५ मध्ये अशा योजनांवर बंदी घालण्याचीच शिफारस केली.

वजनकाटा

घड्याळाचे मी सांगतो. सलग दहा तास विश्रांती झाल्यावर कामाला लागलात, तपासणीसाठी बॉनेट उघडले, की १४ तासांची खिडकी सुरू होते. तिच्या आत जास्तीत जास्त ११ तास चालवता येते आणि आठ तास चालवून झाल्यावर किमान अर्ध्या तासाचा खंड घ्यावा लागतो. जेवणाला थांबलात, गोदामात वाट पाहत बसलात, तरी १४ चे घड्याळ चालूच राहते. आठ दिवसांत ७० तासांची वेगळी मर्यादा असते आणि सलग ३४ तास सुट्टी घेतली की ती नव्याने सुरू होते. डिसेंबर २०१७ पासून हे सारे ट्रकमधल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रात आपोआप नोंदले जाते, त्यामुळे वहीत फेरफार करण्याचे दिवस गेले.

एक उदाहरण घ्या. पहाटे पाच वाजता काम सुरू केले, तर संध्याकाळी सात वाजता चालवणे बंद. साडेसहाला गोदामात पोहोचलात आणि माल उतरायला अकरा वाजले. आता १४ पैकी सहा तास गेले, चालवून मात्र दीडच तास झाला आहे. उरलेल्या आठ तासांत चालवायचे आणि सातच्या आत उभे राहायला जागा शोधायची. संध्याकाळी सहानंतर शहरांजवळचे थांबे भरून जातात, म्हणून मी साडेपाचलाच थांबण्याचा बेत आखतो आणि वाटेतल्या आणखी दोन पर्यायी जागा सकाळीच लिहून ठेवतो. गोदामात फार वेळ जाणार हे आधीच दिसत असेल, तर झोपण्याच्या कक्षात किमान सात तास आणि वेगळी किमान दोन तास, दोन्ही मिळून दहा, अशी विश्रांती विभागता येते; मग ते दोन्ही खंड १४ मधून वगळले जातात. हे गणित प्रशिक्षकासोबत कागदावर करून पाहा. प्रशिक्षण संपण्यापूर्वी स्वतः बेत आखून त्याच्याकडून तपासून घ्या, कारण एकटे पडल्यावर विचारायला शेजारी कोणी नसते.

वजनाचेही तसेच आहे. भरलेला ट्रेलर ताब्यात घेतल्यावर जवळच्या पहिल्याच काट्यावर न्या. पुढच्या आसाला साधारण १२,००० आणि मागच्या दोन्ही जोड-आसांना प्रत्येकी ३४,००० पौंड धरून चाला. ट्रेलरच्या आसावर वजन जास्त निघाले तर चाकांचा सांगाडा मागे सरकवावा, म्हणजे भार ट्रॅक्टरकडे येतो. कॅलिफोर्नियात जायचे असेल तर ५३ फुटी ट्रेलरच्या किंगपिनपासून शेवटच्या आसापर्यंतचे अंतर ४० फुटांच्या आत राहिले पाहिजे, त्यामुळे चाके हवी तेवढी मागे नेता येत नाहीत. अशा वेळी माल भरणाऱ्याकडे परत जाऊन तो पुढे सरकवून घ्यावा लागतो, आणि गोदामापासून दोनशे मैल दूर आल्यावर हे कळले तर दिवस वाया जातो.

नवा चालक

दोन्ही उत्तरे मिळाली. ज्या कंपनीने पहिल्या टप्प्यात प्रशिक्षक जागा राहील असे ईमेलवर कळवले तिला होकार देत आहे; तिचा दर दुसरीपेक्षा कमी आहे, पण फीचा करार दरमहा कमी होत जाणारा आहे. ट्रकच्या योजनेला नकार कळवला. रक्तदाब तपासण्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. गोदामातल्या साहेबांना आवारात ट्रेलर हलवण्याच्या कामाबद्दलही विचारले, आणि रुजू होईपर्यंत शनिवार-रविवार येऊन सराव करण्यास त्यांनी परवानगी दिली आहे. साखळ्यांचा सराव कोणत्या प्रकारच्या साखळ्यांवर करावा, हे 'उतारावरचा गिअर' यांनी सांगितल्यास बरे होईल.

उतारावरचा गिअर

कंपनी ट्रकमध्ये ज्या साखळ्या ठेवते त्यांवरच करा. ओरिएंटेशनच्या दिवशी त्या कुठे असतात आणि किती असतात ते विचारून घ्या. जोड-टायरसाठी तीन पदरी साखळी असेल तर ती एकट्याने उचलायला जड असते. ती आधी टायरपुढे जमिनीवर पूर्ण पसरून घ्यावी, पीळ काढावेत, आकड्यांची तोंडे टायरपासून बाहेरच्या बाजूला ठेवावीत, मग टायरवर टाकावी. बांधून थोडे अंतर चालवल्यावर उतरून पुन्हा ताणून घ्यावी, कारण पहिल्या काहीशे फुटांत ती ढिली होतेच.